त्रिकोणाचे तीन कोन : जे. पी. नाईक यांचे जीवनकार्य
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

तुलना हा शब्द आपल्याकडे फारशा चांगल्या अर्थाने वापरला जात नाही. घरात, भावकीत, आळीत जी तुलना होते ती बहुधा कोणाला तरी मान खाली घालायला लावण्यासाठीच होते. अमक्याचा मुलगा पहिला आला आणि तू मात्र नापास झालास, असे म्हटले की बोलणे संपते. त्या मुलाच्या घरी कोणी शिकलेले होते का, त्याला सकाळी जनावरे सोडायला जावे लागत होते का, हे कोणी विचारीत नाही. शिक्षणशास्त्रात मात्र तुलनेची खरी सुरुवात याच प्रश्नांपासून होते. एका देशात सारी मुले शाळेत जातात, दुसऱ्यात निम्मी बाहेर राहतात. असे का, याचा कार्यकारणभाव शोधणे म्हणजे तुलनात्मक शिक्षण. हा शोध एकट्यादुकट्याचा नाही. त्यासाठी अनेक देशांच्या अभ्यासकांना एका बैठकीवर बसावे लागते आणि आपापले अनुभव एकमेकांपुढे उघडे करावे लागतात.

अशी बैठक घडवून आणणारा आणि त्या बैठकीत आपल्या देशातील गरीब मुलाला कधीही न विसरणारा एक माणूस आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या मातीत जन्माला आला. त्यांचे नाव जयंत पांडुरंग नाईक. देश त्यांना जे. पी. नाईक म्हणून ओळखतो. दहावी, मग बारावी, मग पदवीची तीन वर्षे या ज्या पायऱ्यांनी आपण सारे या महाविद्यालयापर्यंत आलो, त्या पायऱ्यांची आखणी ज्या अहवालाने देशापुढे ठेवली त्यामागे या माणसाचे अपार कष्ट आहेत. त्यांच्या आयुष्याची ओळख आपल्या वार्षिकाच्या वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

नाईकांचा जन्म 5 सप्टेंबर 1907 रोजी बहिरेवाडी या खेड्यात झाला. त्यांचे मूळचे नाव विठ्ठल हरी घोटगे. पुढे ते जयंत पांडुरंग नाईक झाले आणि तेच नाव कायम राहिले. गणित हा त्यांचा आवडीचा विषय. बुद्धी इतकी तल्लख की सरकारी नोकरीचा किंवा प्राध्यापकीचा सरळ रस्ता त्यांच्यापुढे मोकळा होता. पण तो काळ 1930 च्या सविनय कायदेभंगाचा होता. नाईक त्या चळवळीत उतरले आणि त्यांना तुरुंगवास घडला. तुरुंगाबाहेर आल्यावर त्यांनी शहराकडे पाठ फिरवली व धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात मुक्काम ठोकला. गावची साफसफाई, आजाऱ्यांची शुश्रूषा, प्रौढांना अक्षरओळख, मुलांची शाळा ही कामे त्यांनी तेथे वर्षानुवर्षे केली. या कामाला ना मोठे नाव होते ना मानधन. परंतु पुढे दिल्लीत आणि परदेशांत शिक्षणाचे जे प्रश्न त्यांनी हाताळले, त्या साऱ्यांचा धडा त्यांनी या खेड्यात गिरवला होता असे मला वाटते. मूल शाळेत का येत नाही, हे ज्याने दारोदार फिरून पाहिले आहे त्याला आकड्यांमागचे घर दिसते.

याच सुमारास मुंबई इलाख्यातील प्राथमिक शिक्षणाच्या कारभाराशी त्यांचा जवळून संबंध आला. लोकल बोर्डे, स्कूल बोर्डे, शिक्षकांचे पगार, इमारतींचा खर्च अशा रुक्ष बाबींत ते रमले. गणिती माणसाला हिशेबाचे वावडे नसते. सक्तीच्या शिक्षणाची भाषणे देणारे पुष्कळ होते. पण एका तालुक्यात सक्ती करायची तर किती शिक्षक लागतील, किती खोल्या लागतील आणि पैसा कोठून येईल, हे मांडून दाखवणारे थोडे होते. नाईक त्या थोड्यांपैकी एक.

1943 साली सय्यद नुरुल्ला यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला ब्रिटिश अमदानीतील भारतीय शिक्षणाचा इतिहास प्रसिद्ध झाला. शिक्षणशास्त्राच्या कित्येक पिढ्यांनी हा ग्रंथ अभ्यासला. या ग्रंथाची गोष्ट येथे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की नाईकांच्या लेखनाचा मोठा भाग असा सहकार्याने झालेला आहे. ज्या काळात एकमेकांवरील अविश्वासाने देश फुटण्याच्या वाटेवर होता, त्या काळात एक मुसलमान आणि एक हिंदू अभ्यासक आपल्या मुलांच्या शिक्षणाचा इतिहास एकत्र बसून लिहीत होते, ही गोष्ट लहान नाही.

स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये नाईकांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. शिक्षणातील संशोधनाला वाहिलेली ही संस्था पुढे 1976 साली पुण्यास आली. इकडे आपल्या जिल्ह्यात गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे राहत होते. व्ही. टी. पाटील यांच्या कर्तृत्वाला नाईकांच्या कल्पकतेची जोड मिळाली आणि ग्रामीण भागातील मुलाला त्याच्याच परिसरात बालवाडीपासून वरच्या शिक्षणापर्यंत जाता यावे, हा प्रयोग तेथे आकाराला आला. संशोधन मुंबईत आणि प्रयोग गारगोटीत, अशी ही दुहेरी वाट नाईकांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

आता त्यांच्या आयुष्यातील त्या कामाकडे वळू, ज्यामुळे त्यांचे नाव आंतरराष्ट्रीय शिक्षणाच्या क्षेत्रात गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या युनेस्कोने सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न हाती घेतला. 1951 मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या सार्वजनिक शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या विषयावर चर्चा झाली, आणि निरनिराळ्या देशांतील सक्तीच्या शिक्षणाविषयी युनेस्कोने एक पुस्तकमालाच काढली. फ्रान्स, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, एक्वादोर, थायलंड अशा देशांवर त्यात स्वतंत्र पुस्तके निघाली. भारतावरील पुस्तक 1952 साली आले. ते के. जी. सैयदैन, जे. पी. नाईक आणि एस. आबिद हुसैन या तिघांनी मिळून लिहिले होते.

ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवली म्हणजे काय दिसते? जपानने 1872 साली सर्वांसाठी शाळांची योजना जाहीर केली. इंग्लंडने 1870 च्या कायद्याने पाया घातला आणि 1880 मध्ये सक्ती आणली. फ्रान्समध्ये 1882 साली सक्तीचा कायदा झाला. आपल्याकडे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे शिक्षण सुरू केले, आणि राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. पण ब्रिटिश मुलखात नामदार गोखल्यांनी 1911 साली मांडलेले विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. म्हणजे इच्छा असलेल्या एका संस्थानाला जे जमले ते एवढ्या मोठ्या साम्राज्याला जमले नाही. तुलनेचा खरा उपयोग येथे कळतो. भारतीय माणूस शिक्षणाला नालायक आहे किंवा गरिबाला शिक्षणाची ओढच नसते, असली बोलणी या तारखांपुढे टिकत नाहीत. प्रश्न लोकांच्या लायकीचा नव्हता, राज्यकर्त्यांच्या मनाचा व तिजोरीचा होता.

स्वतंत्र भारताच्या घटनेने 45 व्या कलमात दहा वर्षांची मुदत घातली होती. 1960 सालापर्यंत चौदा वर्षांखालील प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे, असे ते वचन होते. 1960 उजाडले आणि मावळले. वचन अपुरेच राहिले. अशा वेळी 14 जुलै 1964 रोजी केंद्र सरकारने शिक्षण आयोग नेमला. अध्यक्ष होते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष व थोर पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंह कोठारी. सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक.

या आयोगाची रचना पाहण्यासारखी आहे. यापूर्वीच्या आयोगांतही काही परदेशी सभासद होते. पण ते आयोग एक विद्यापीठांपुरता आणि दुसरा माध्यमिक शिक्षणापुरता होता. कोठारी आयोगाने बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत सारे शिक्षण एकत्र पाहिले. 17 जणांच्या या आयोगात लंडनचे एच. एल. एल्व्हिन होते, फ्रान्सचे जाँ तोमा होते, अमेरिकेचे रॉजर रेव्हेल होते, सोव्हिएत रशियाचे एस. ए. शुमोव्हस्की होते आणि जपानचे सदातोशी इहारा होते. सहसचिव जे. एफ. मॅकडूगल युनेस्कोकडून आले होते. आपल्या धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील शिक्षणशास्त्र विभागाच्या प्रमुख कु. पाणंदीकर याही सभासद होत्या. शिवाय लॉर्ड रॉबिन्स, ब्लॅकेट, एडवर्ड शिल्स यांच्यासारख्या विद्वानांचा सल्ला घेण्यात आला. तो काळ शीतयुद्धाचा होता. क्यूबाच्या प्रश्नावरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर जाऊन आल्याला जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्या दिवसांत एक अमेरिकन आणि एक रशियन शास्त्रज्ञ भारतातील शाळांचा विचार करण्यासाठी एका मेजाभोवती बसले, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावे.

आयोगाचे काम 2 ऑक्टोबर 1964 रोजी सुरू झाले. 12 कार्यगट आणि 7 अभ्यासगट नेमले गेले. आयोगाने सुमारे 100 दिवस देशभर प्रवास केला, 9000 हून अधिक लोकांच्या भेटी घेतल्या, 2400 हून अधिक निवेदने वाचली. मधल्या काळात देशावर युद्ध आले, धान्यटंचाई आली, पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे निधन झाले. तरीही 29 जून 1966 रोजी अहवाल सरकारच्या हाती पडला. शिक्षण आणि राष्ट्रीय विकास हेच त्याचे नाव. एवढ्या मतांचा, एवढ्या भाषांचा, एवढ्या देशांचा मेळ घालून त्यातून एकसंध लेखन उभे करण्याच्या कामाचा फार मोठा भार नाईकांनी वाहिला. लग्नघरात मांडवात मिरवणारे वेगळे असतात आणि चुलीजवळ जागणारे वेगळे. नाईक हे चुलीजवळ जागणारे होते.

परदेशी विद्वान बोलावले म्हणून परदेशी नमुने उचलले, असे मात्र घडले नाही. याचे एक उदाहरण फार बोलके आहे. आयोगाने समान शाळा पद्धतीची शिफारस केली. परिसरातील सारी मुले, ती कोणत्याही जातीची असोत, श्रीमंताची असोत की मजुराची, त्या परिसरातील एकाच शाळेत जावीत, अशी ही कल्पना. अमेरिका, फ्रान्स आणि स्कँडिनेव्हियन देश यांच्याकडे अशी पद्धत निरनिराळ्या रूपांत आहे, याकडे आयोगाने बोट दाखवले. इंग्लंडची परंपरा मात्र श्रीमंतांच्या वेगळ्या शाळांची. दीडशे वर्षे आपण इंग्लंडचेच पाहत आलो होतो. दुसऱ्या देशांकडे नजर वळल्यावर कळले की जे आपण जगाची रीत समजत होतो ती फक्त एका देशाची रीत होती. तुलनेने माणसाला मिळते ती ही मोकळीक.

पण अहवालाचे पुढे काय झाले? 1968 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात त्याच्या पुष्कळ शिफारशी आल्या. दहा, दोन आणि तीन वर्षांचा आकृतिबंध हळूहळू देशभर रूढ झाला. समान शाळा मात्र कागदावर राहिली. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग 1985-86 पर्यंत शिक्षणावर खर्च व्हावा, हे लक्ष्य त्या मुदतीत गाठले गेले नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाला तोच आकडा पुन्हा लिहावा लागला. पायऱ्यांची संख्या बदलणे सोपे असते. त्या पायऱ्यांवर कोण चढणार, हे बदलणे कठीण असते.

नाईकांना हे दिसत होते आणि बोचतही होते. 1975 साली त्यांचे समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन कोनांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. भारतीय शिक्षणात हा त्रिकोण काही केल्या जुळत नाही, असे त्यांनी दाखवले. शाळा वाढवाव्यात तर गुणवत्ता ढासळते. गुणवत्ता राखावी तर ती मूठभरांच्या वाट्याला जाते. आणि या ओढाताणीत समता सर्वांत मागे राहते. स्वतः सचिव असलेल्या आयोगाच्या पदरात यश किती आणि अपयश किती, याचाही हिशेब त्यांनी मांडला. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 1982 मध्ये बाहेर आले. स्वतःच्या कामाला अशा कसोटीवर घासणारे लोक विरळाच.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी आणखी एक मोठी संस्था उभारली. 1969 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे ते पहिले सदस्य-सचिव. पहिले अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ. स्त्रियांच्या स्थितीचा शास्त्रीय अभ्यास आपल्या देशात मूळ धरू शकला, त्यामागे वीणा मजुमदार यांच्या कामाला या परिषदेतून नाईकांनी दिलेला आधार होता. 1974 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार असताना त्यांनी नाममात्र एक रुपया वेतन घेतले, ही गोष्ट त्यांच्या वृत्तीची साक्ष देते.

अखेरच्या वर्षांत त्यांचे लक्ष पुन्हा खेड्याकडे गेले. त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक स्वतः थोर शिक्षणतज्ज्ञ. महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक म्हणून त्यांनी काम केले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यातील खेड्यांत 1979 च्या सुमारास शाळाबाह्य मुलांसाठी अनौपचारिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. दिवसा राबणाऱ्या मुलांनी सवडीच्या वेळी शिकावे, अशी योजना. या वर्गांना येणाऱ्यांत मुलींचा भरणा मोठा होता. जी मुले शाळेकडे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे शाळेनेच गेले पाहिजे, असा हा विचार.

या ठिकाणी मला थोडे स्वतःचे बोलू द्यावे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी थोरली बहीण सातवीनंतर घरी राहिली. पुढची शाळा सहा किलोमीटरवर होती आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी नव्हते. ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे आई अजूनही सांगते. नाईकांच्या त्या सवडीच्या वर्गांविषयी वाचताना मनात दोन विचार येतात. असा वर्ग आमच्या वाडीत असता तर ताई नक्की गेली असती, हा पहिला. आणि दुसरा असा, की गरिबाच्या मुलीला दोन तासांचा वर्ग व इतरांना पूर्ण वेळाची शाळा, ही वाटणी कायमचीच झाली तर? पुढे अनेक अभ्यासकांनी अनौपचारिक शिक्षणावर हाच आक्षेप घेतला. 2009 साली शिक्षणहक्काचा कायदा संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याने 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला पूर्ण वेळाच्या शाळेचा हक्क दिला. माझ्या अल्पमतीप्रमाणे नाईकांचा प्रयोग हा शाळेला पर्याय नव्हता. शाळा पोहोचेपर्यंत एक पिढी वाया जाऊ नये, म्हणून केलेली ती धडपड होती. परंतु आक्षेपही खोटा नाही. पूल बांधायचा म्हणून होडी घातली आणि मग पूल बांधायचाच राहिला, असे आपल्याकडे पुष्कळदा होते. त्रिकोणाचा समतेचा कोन सुटतो तो असा.

नाईकांनी शेवटी आरोग्याच्या प्रश्नातही हात घातला. सर्वांसाठी आरोग्य या विषयावर सामाजिक विज्ञान आणि वैद्यकीय संशोधन या दोन्ही परिषदांच्या संयुक्त अभ्यासगटाने 1981 मध्ये अहवाल दिला, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी 30 ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. पुढे युनेस्कोने जगातील शंभर शिक्षणविचारवंतांची चरित्रे प्रसिद्ध केली, त्यांत महात्मा गांधी व रवींद्रनाथ टागोर यांच्याबरोबर बहिरेवाडीच्या या माणसाचेही चरित्र आहे.

नाईकांच्या जीवनातून आपण विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? मला वाटते, तुलना करण्याची त्यांची रीत घ्यावी. जग पाहावे, सगळ्यांशी मिळून अभ्यास करावा. पण मोजपट्टी हातात घेताना तिचे टोक नेहमी वर्गाबाहेर उभ्या असलेल्या मुलापाशी टेकवावे. किती जण उत्तीर्ण झाले, हे निकालाच्या दिवशी प्रत्येक महाविद्यालय सांगते. आपल्याबरोबर पहिलीत बसलेल्यांपैकी किती जण आज येथे नाहीत, आणि का नाहीत, हे आपल्यापैकी प्रत्येकाने आपापल्या गावात जाऊन मोजले तरी एक चांगला संशोधन प्रकल्प होईल. त्याला ना परदेशी तज्ज्ञ लागतील ना अनुदान. एक वही आणि चार मित्रमैत्रिणी पुरतील. नाईकांनीही सुरुवात खेड्यातूनच केली होती.